मालगाडी ट्रेडवेलला पाहिलेली माणसं

३ सप्टेंबर, मंगळवार

आज आणखी तीन! तिघांनीही सायलस ट्रेडवेलला, आमच्या फुटबॉलच्या 'मालगाडी'ला, धावताना 'स्वतःच्या डोळ्यांनी' पाहिलंय. एकाचा जन्म एकोणसत्तरचा. मी म्हटलं, "अरे, सामना सहासष्टचा. तुझ्या आईचं लग्न तरी झालं होतं का तेव्हा?" तर म्हणे, "वडिलांनी इतक्यांदा सांगितलंय मिस व्हर्नेल, की पाहिल्यासारखंच आहे."

पाहिल्यासारखं! हे असलं मी पुस्तिकेत छापू?

सायलस जूनमध्ये गेला आणि गावाला एकदम त्याचा पुळका आला. मैदानाला त्याचं नाव देणार, भिंतीवर त्याचं चित्र काढणार, आणि लोकांच्या आठवणींची पुस्तिका. आठवणी कोण गोळा करणार? व्हर्नेल गेन्स. चौतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात होते ना! म्हणजे कागद मलाच कळतात.

५ सप्टेंबर, गुरुवार

समितीची बैठक. अध्यक्ष रॉय डेल पिकेट — पेंडीच्या दुकानाचा मालक. माणूस वाईट नाही, पण बोलायला लागला की थांबत नाही.

चित्राचा नमुना दाखवला. सायलस काखेत चेंडू दाबून धावतोय, मांड्या झाडाच्या बुंध्यासारख्या, मागे दोघे लटकलेले. झकास. पण अंगात सदरा लाल!

मी म्हटलं, "लाल कसा? आमचा जांभळा होता."

रॉय डेल म्हणतो, "शाळेचा रंग लालच आहे, मिस व्हर्नेल."

"तुमच्या शाळेचा. तो तुमच्या शाळेत गेला कधी?"

सगळे विसरलेत! तेव्हा गोऱ्यांची शाळा वेगळी, आमची काळ्यांची वेगळी. मैदान मात्र एकच — शुक्रवार त्यांचा, गुरुवार आमचा. अडुसष्टला आमची शाळा बंद केली. मुलं तिकडे घेतली, पण चषक, फोटो, बँडचे कपडे सगळं कुठे गेलं, कोणी सांगितलं नाही. तालुक्यात सायलससारखा धावणारा दुसरा झाला नाही, आणि त्यालाही आता लाल रंगात बुडवणार!

बोलले ते बरं झालं.

९ सप्टेंबर, सोमवार

ल्युवेनियाकडे गेले. सायलसची बायको. तिने पीचची गोड पाय-पेस्ट्री समोर ठेवली आणि मी तक्रारी करत राहिले तासभर. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एवढा मोठा देह, पण घरात कधी खुर्चीला धक्का लागला नाही त्याचा. हे लिही हवं तर."

मी म्हटलं, "ते लिहिते. पण या थापाड्यांचं काय करू? अडीचशे माणसांनी तो एकच सामना पाहिलाय. मैदानात दीडशे मावत नव्हती!"

"राहू दे ना, व्हर्नेल. प्रत्येकाला तो थोडा-थोडा हवाय."

हिला काही बोलण्यात अर्थ नाही. संतच आहे. मी नाही.

१० सप्टेंबर

आणखी पाच. त्यात एक पाद्री!!

१५ सप्टेंबर, रविवार

चर्चमधून येताना मैदानावरून आले, तर काय! रॉय डेल स्वतः शिडीवर. चर्चचेच कपडे, त्यावर एप्रन, आणि भिंतीवरच्या चित्रातल्या लाल सदऱ्यावर जांभळा रंग फासतोय. एकाहत्तर वर्षांचा माणूस! मी खालून ओरडले, "रंगाऱ्याला का नाही बोलावलं?"

"त्याला लाल मी सांगितला होता. मग जांभळा मीच देतो."

छटा जरा गडद झालीय. वांग्यासारखी.

खाली उतरला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. "माझी आठवण. घ्याल का पुस्तिकेत?"

मला वाटलंच होतं!

१६ सप्टेंबर

वाचला. कसा म्हणे — हा अठरा वर्षांचा, वडिलांचा पेंडीचा ट्रक चालवायचा. त्या गुरुवारी कापसाच्या गिरणीच्या बाजूला, कुंपणाबाहेर ट्रक लावला आणि टपावर उभा राहून सामना पाहिला. 'आत जायची हिंमत झाली नाही. आमच्यातला कोणी आत दिसला असता तर दुसऱ्या दिवशी दुकानात चर्चा झाली असती. सायलस चार जणांना ओढत गेला तेव्हा मी एकटाच ओरडलो, आणि मग इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकलं का.'

चांगलं लिहिलंय. माणूस खोटं इतकं चांगलं का लिहितो, देव जाणे.

गिरणीच्या बाजूला आमचा बँड होता. मी तिथेच, क्लॅरिनेट हातात. ट्रक असता तर दिसला नसता? मला सगळं आठवतंय! शेवटची तीन मिनिटं, आम्ही मागे. चेंडू सायलसच्या काखेत. पहिला आडवा आला, त्याने खांदा धरला. दुसऱ्याने कंबर धरली, तिसऱ्याने मान, चौथ्याने पाय — आणि हा चालतोच आहे! चौघांना अंगावर घेऊन, गुडघे वर उचलत, बारा यार्ड! जमीन हादरत होती. माझ्या जिभेवर धुळीची चव होती. ट्रक नव्हता.

१९ सप्टेंबर, गुरुवार

रॉय डेलला स्पष्ट सांगितलं. "तुमचं नाही घेता येणार. तिथे ट्रक नव्हता. मी होते तिथे."

त्याचा चेहरा पडला. मला वाटलं भांडेल. नाही. टोपी काढली, पुन्हा घातली. "तुम्ही म्हणता तर नसेल. त्रेपन्न वर्षं झाली."

बघा! लगेच माघार. म्हणजे थापच.

एकूण एकतीस आठवणी बाद केल्या. बावीस उरल्या. कुणीतरी कडक व्हायला नको? आमच्याकडे चषक नाही, फोटो नाही. आठवण तेवढी आहे. त्यात पाणी घातलं तर उरलं काय?

२३ सप्टेंबर

माझी स्वतःची आठवण लिहून काढली. सगळ्यांत पुढे ठेवली. बाकीच्यांना कळू दे, पाहणं म्हणजे काय. एक प्रत ह्यूस्टनला ओझेलाला धाडली — माझी थोरली बहीण, बँडमध्ये ढोल तिचा होता. वाचून कौतुक तरी करेल.

२८ सप्टेंबर, शनिवार

झाला समारंभ. ऊन रणरणतं. ध्वनिक्षेपक दोनदा बंद पडला, बटाट्याचं सॅलड आंबलं. महापौरांनी सायलसला 'सायमन' म्हटलं — दोनदा! ल्युवेनियाने माझा हात दाबून धरला, नाहीतर मी उठलेच होते.

मग मला बोलायला सांगितलं. मी बोलले. "आज इथे तीनशे माणसं आहेत, आणि प्रत्येकजण म्हणतो मी पाहिला. त्या गुरुवारी तुमच्यातले बहुतेक घरी होते. ज्यांनी पाहिलं नाही, त्यांनी पाहिलं म्हणू नये. तो आमचा होता, तुम्हाला नको होता तेव्हापासून."

आमच्या बाजूच्या बायका "सांग, व्हर्नेल, सांग!" म्हणून ओरडल्या. रॉय डेल मागच्या रांगेत उभा होता, नखांत अजून जांभळा रंग. भाषण संपेपर्यंत थांबला, मग निघून गेला. खुर्च्या उचलायलाही आला नाही.

बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. थोडा वेळ.

३० सप्टेंबर

छापखान्याला बुधवारी कागद द्यायचे. पाय दुखतायत. कोणी फोन करत नाही. छान.

२ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी ओझेलाचा फोन. घरच्या नावाने हाक मारून म्हणाली, "नेली, तू सामन्याला कुठे होतीस गं? तुला ताप होता."

मी हसले. ती हसली नाही. "तीन आठवडे अंथरुणात होतीस. डॉक्टरांनी आशा सोडली होती. आईने मला बँडबरोबर धाडलं, म्हणाली, घरात बसून रडू नकोस. सामना संपल्यावर मी पळत आले आणि तुला सगळं करून दाखवलं. उशी काखेत, आणि चुलत भावंडं माझ्या अंगाला लटकलेली, तुझ्या खाटेभोवती. तू हसलीस. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. आई म्हणाली, पुन्हा धाव. मी सहा वेळा धावले."

मग मी विचारलं, ट्रक होता का.

"पिकेटांचा? होता की. टपावर कुणीतरी एकटाच बोंबलत होता."

छापखान्याला थांबा म्हटलं. बाद केलेल्या एकतीसच्या एकतीस पुस्तिकेत परत घेतल्या. आता रॉय डेलच्या दुकानात जायचंय, आणि तिथे काय बोलायचं ते सुचत नाही.

माझी आठवण फाडून नवी लिहायला बसलेय. पहिलं वाक्य झालंय — मी तिथे नव्हते.