रविवारचं दार

सोमवार, ११ ऑक्टोबर १८८६, सिनसिनाटी

मूर्ख! सगळेच्या सगळे मूर्ख! आज विश्वस्तांची बैठक आमच्याच दिवाणखान्यात झाली. आमची कॉफी प्यायले, आमचं हॅम खाल्लं – आणि ठरवलं काय, तर चित्रांचं दालन सोमवार ते शनिवार उघडं. रविवारी बंद, तो देवाचा दिवस म्हणून.

दालन बांधलं कुणी? माझ्या भावानं. भिंतीवरचं एकूणएक चित्र कुणाचं? हायरमचं. शहराला फुकट देतोय कोण? तोच. अट एकच – रविवारी दुपारी दार सगळ्यांना उघडं हवं. आणि हे लोक देणाऱ्यालाच शिकवतात!

मी दाराआड उभी होते. कॉन्व्हेंटमध्ये ननांनी असं करू नये म्हणून शिकवलं होतं. त्यांनी पुष्कळ शिकवलं. मी सगळं शिकले नाही.

क्रेलसाहेब म्हणत होते, "ट्रस्कॉट, आज रविवारी चित्रं, उद्या रविवारी नाटकं, परवा रविवारी बिअर."

"बिअर रविवारी आत्ताही मिळते," हायरम म्हणाला. "कालव्यापलीकडे जर्मन वस्तीत जाऊन बघा."

"मला काय ठाऊक तिथलं!"

"मग लोक तिथे का जातात तेही ठाऊक नसेल. गावात दुसरं एकही दार उघडं नसतं म्हणून."

शाबास!

दानपत्रावर त्यानं सही केली नाही. कागद गुंडाळून खिशात घातला आणि सगळ्यांना आणखी कॉफी विचारली.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

गावभर बोलवा आहे की हे खूळ मी त्याच्या डोक्यात घातलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकता शिकता कॅथलिक झाले ना, आणि आम्हा कॅथलिकांना प्रार्थनेनंतर रविवारची मौज चालते – तेव्हापासून त्याच्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या मंडळीत मी 'पोपची बहीण'! चाळीस वर्षं झाली, अजून जिरलं नाही कुणाला.

खरं खूळ घातलं डेंगलरबाईनं. ही आमच्या मागच्या दारी सॉसेज घेऊन येते. नवरा हायरमच्या कत्तलखान्यात. गेल्या महिन्यात दालन उघडलं तेव्हा हायरमनं तिला मोठ्या ऐटीत विचारलं, "काय बाई, चित्रं बघितलीत की नाही? फुकट आहेत."

"चित्रं फुकट आहेत मालक, पण आम्ही कुठे फुकट आहोत? तुमचं दार उघडं असतं तेव्हा माझा नवरा तुमचीच डुकरं कापत असतो. सोडा त्याला, येईल."

मला हसू आवरेना. हायरम हसला नाही. जेवताना एकदम म्हणाला, "विनी, दालनात येतं तरी कोण?"

"ज्यांच्या घरी चित्रं आहेत ते," मी म्हणाले. "तुझी त्यांच्यापेक्षा वाईट आहेत ना, याची खात्री करायला."

"शनिवारी दुपारी कारखाना बंद केला तर?"

"तुझा करशील. बाकीच्या कारखान्यांचं काय?"

त्यावर तो जेवण अर्धं टाकून उठला. हायरम जेवण टाकून उठला की समजावं, काहीतरी घडणार.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

आजच्या वर्तमानपत्रात कुणा टवाळानं त्याला 'चरबीसम्राट' म्हटलंय. म्हणू दे! चरबी विकली, मेणबत्त्या विकल्या, खारवलेलं डुकराचं मांस पिंपांत भरून नदीतून थेट न्यू ऑर्लिन्सपर्यंत नेलं. चोरी तर नाही केली? अकराव्या वर्षी शाळा सोडली त्यानं. घरात एकाच्याच फीची सोय होती आणि तो वडिलांना म्हणाला, "विनीला डोकं आहे, तिला पाठवा." मी फ्रेंच शिकले, चित्रकला शिकले, तीस वर्षं शिकवली, आता पेन्शनीत बसून लोकांना नावं ठेवते. तो मिठात हात घालून उभा राहिला.

पहिलं चित्र त्यानं फिलाडेल्फियात घेतलं – जुनं डच, टेबलावर कापलेलं हॅम. विकणारा रंग, छाया, प्रकाश असं काय काय सांगत होता. हायरम नाक लावून बघत राहिला आणि म्हणाला, "या माणसानं डुक्कर नीट बघितलंय. द्या." गावातल्या शिष्ट बायका हा किस्सा अजून सांगतात आणि हसतात. मीही सांगते. मी हसत नाही.

शनिवार, १६ ऑक्टोबर

क्रेलसाहेब आले. हायरम घरी नसताना, मुद्दाम. हे विश्वस्त, आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या 'वडीलमंडळा'तलेही एक. हायरमही सव्वीस वर्षं त्याच वडीलमंडळात आहे.

"लव्हिनियाबाई, बुधवारी ट्रस्कॉटला वडीलमंडळासमोर जबाब द्यावा लागेल. रविवारचा शब्बाथ मोडायला लोकांना प्रवृत्त करतो म्हणून. अट सोडली नाही तर मंडळीतून नाव काढावं लागेल."

"तुम्ही काढणार? त्याचं?"

"कुणाची इच्छा आहे का? एक वाट आहे. त्यानं एवढंच म्हणावं, की बहिणीच्या रोमन कॅथलिक शिकवणुकीमुळे माझी दिशाभूल झाली. अट मागे घ्यावी. सगळे विसरून जातील. तुमचं काय जातंय? तुम्ही आमच्यातल्या नाहीच."

मी उठले. "क्रेलसाहेब, तुमची टोपी."

"पण विचार करा –"

"आणि ही तुमची काठी."

रविवार, १७ ऑक्टोबर

माझ्या चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेत लक्ष लागलं नाही. तिकडे तो त्याच्या मंडळीत बसला असेल. अल्मायराशी लग्न तिथेच झालं. तिची शेवटची प्रार्थनाही तिथेच झाली. दोन्ही लेकरांचा बाप्तिस्मा तिथे – आणि दोन्ही शवपेट्या तिथूनच उचलल्या. त्याच्याकडे दुसरं आहे काय? डुकरं, चित्रं आणि ती मंडळी. हायरमकडून हीच घेतली तर!

जेवताना सांगूनच टाकलं. "बुधवारी माझं नाव घे. मला काय फरक पडतो?"

तो पावाला लोणी लावत होता. "वडीलमंडळासमोर खोटं बोलू?"

"अर्धंच खोटं."

"हे ननांनी शिकवलं तुला?"

टोमण्यात हरवलं त्यानं मला. मला! लिहून ठेवते, असं वारंवार घडत नाही.

बुधवार, २० ऑक्टोबर

काढलं. नाव काढलं त्याचं.

मी बाहेर बग्गीत बसले होते. बायकांना आत मज्जाव. तो पायऱ्या उतरून आला, टोपी हातातच. घरी आलो. मग दिवाणखान्यात थोडं थोडं सांगितलं. मंडळीच्या पाळकसाहेबांनी मऊ आवाजात विचारलं म्हणे, "भाऊ ट्रस्कॉट, यात तुमच्या बहिणीचा हात आहे का?"

"तू काय म्हणालास?"

"म्हणालो, बहिणीचा हात माझ्या प्रत्येक कामात असतो. या वेळी डोकं मात्र माझं आहे."

"मग?"

"क्रेल म्हणाला, नीट विचार कर. मी म्हटलं, विचार करून झाला, म्हणून तर आलो."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. त्यानं दानपत्र काढलं आणि माझ्या टेबलावर सही केली – रविवारच्या अटीसकट. विश्वस्त नको म्हणाले तर शहर थेट घेईल, असा महापौरांचा निरोप आहे. महापौरांना जर्मन लोकांची मतं दिसतात. दिसू देत! दार उघडल्याशी कारण.

असा भाऊ अख्ख्या ओहायोत नाही.

रविवार, २४ ऑक्टोबर

उघडलं! दुपारी एकला! मी पुढे गेले. त्याचा काळा कोट घासून-पुसून खुर्चीवर ठेवला होता. "तू हो पुढे," म्हणाला.

काय गर्दी! चरबीचा वास घासघासूनही न गेलेले हात, ताठ कॉलर, कडेवर पोरं, पायऱ्यांवर बूट पुसणारी रांग. कुणी मोठ्यानं बोलेना. डेंगलरबाई एका चित्रासमोर थबकली – कपडे वाळत घालणारी बाई, वर काळे ढग. "अहो," नवऱ्याला म्हणाली, "हिला कुणीतरी सांगा ना, पाऊस येतोय!" मग सगळेच हसले, आणि दालनात आवाज सुरू झाले.

जो तो मला विचारी, "मालक कुठायत?" मी प्रत्येकाला सांगितलं – येतोय. दाराकडे बघून मान अवघडली. शेवटचा माणूस बाहेर पडला, तरी तो आला नाही.

तोच दिवस, दिवेलागण

दिवाणखान्यात एकटाच बसला होता, कोट घालून, मांडीवर बायबल. मी टोपी न काढताच ओरडले, "आला का नाहीस?"

तो चकित झाला. "रविवारी? चित्रं बघायला? विनी, आज शब्बाथ आहे!"

"अरे, मग हे सगळं –"

"शब्बाथ मी पाळतो. दार त्यांचं आहे."

मग त्यानं स्तोत्र सुरू केलं. मंडळीत म्हणतात तसंच, उभं राहून, एकट्यानं. मी टोपी काढली, शेजारी उभी राहिले आणि त्याच्या सुराला जुळवून दुसरा आवाज धरला.