मशीनखोलीतली ऊब

२ मार्च, सोमवार

जिंजाला पोहोचले. मासळीच्या कारखान्याच्या फाटकाशी बोडावरून, म्हणजे मोटारसायकलच्या टॅक्सीवरून, उतरले तर समोर तळं नुसतं चकाकत होतं आणि वाऱ्याला मासळीचा वास. म्बरारात गुराढोरांत वाढलेल्या मला आज तोही आवडला. काम अगदी मनाजोगं आहे. हिशेब, मालाच्या नोंदी, परदेशी गिऱ्हाइकांची कागदपत्रं, सगळं इथल्या सर्व्हरवरून उचलून क्लाउडवर न्यायचं, म्हणजे दूरच्या भाड्याच्या मशीनांवर, आणि इथली जुनी मशीनं मोडीत काढायची. आराखडाही माझाच आणि तो पार पाडायचाही मीच.

हिशेबखात्याच्या नांगोबीबाईंनी दुपारी स्वतःच्या डब्यातलं माटोके, म्हणजे उकडून कुस्करलेली कच्ची केळी, आणि शेंगदाण्याचं कालवण वाढलं. म्हणाल्या, "सगळं ढगात ठेवणार म्हणतेस पोरी, मग पाऊस आला की माझे हिशेब गळायचे ना गं?" हसता हसता मला ठसका लागला.

३ मार्च

मशीनखोली पाहिली. पूर्वी हे मासळीचं शीतगृह होतं. जाड भिंती, पोलादी दार, तेही फक्त बाहेरून उघडणारं. थंडाव्याची यंत्रं केव्हाच काढून नेलेली आहेत. आत सहा सर्व्हर धडधडताहेत आणि एसी नाही. इथल्या उकाड्यात ती कधीच तापून बंद पडायला हवी होती. पण आत गार होतं. मी स्वेटर आणायला परत गेले. व्यवस्थापक इसाबिर्ये साहेबांना विचारलं, तर म्हणाले की जुन्या भिंती चांगल्या आहेत. आराखडा हवा तेवढा कर, फक्त मशीनांना हात लावू नकोस, असंही म्हणाले. आराखडा मग कशाचा करायचा ते त्यांनी सांगितलं नाही.

११ मार्च

बैठकीत साहेबांनी सगळ्याला मान हलवली आणि आज सकाळी निरोप आला की इंटरनेटची खात्री नाही. मी दुसऱ्या कंपनीची जोडणी घेऊन दाखवली. मग म्हणे युरोपातले तपासनीस येऊन जाऊ देत. ते गेल्याच आठवड्यात येऊन गेलेत, मी स्वतः त्यांना चहा दिलाय.

२४ मार्च

सगळ्या नोंदींची नक्कल क्लाउडवर गेली, तपासून झाली, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. माणसं तिकडूनच कामही करू लागलीत. तरी सहाही मशीनं चालूच, काहीही न करता. कंपालाच्या मालकांनी वीजबिलाबद्दल मलाच झापलं. मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "थोडं थांबलीस तर तुझं काय जातंय?" माझं डोकं जातंय, हे ओठांवर आलेलं गिळलं.

नांगोबीबाई म्हणाल्या की या माणसाने स्वतःचं लग्नसुद्धा चारदा पुढे ढकललं होतं, तू चिडू नकोस.

२ एप्रिल

आज कोणाला न विचारता पहिलं मशीन बंद केलं. काहीही बिघडलं नाही. दार लावून निघाले तर आतून ठोकल्याचा आवाज आला. सावकाश, तळहाताने ठोकावं तसा. पंखा सैल झाला असेल म्हणून दार उघडून सगळं तपासलं. पंखे ठीक होते.

९ एप्रिल

दुसरं आणि तिसरं बंद केलं. खोलीत श्वासाची वाफ दिसते. यंत्र नाही, बर्फ नाही, बाहेर लोक घामाने निथळताहेत, आणि भिंतीवर दव गोठलंय. इलेक्ट्रिशियन मुकोसेला बोलावलं. तो उंबऱ्यावरूनच बघून म्हणाला, "न्याबो, बाईसाहेब, वायर बघायला सांगा, बघतो. हे वायरचं काम नाही." आणि गेला. इथे कोणी एक काम सरळ करेल तर शपथ.

नांगोबीबाईंची खुर्ची त्याच भिंतीला लागून आहे. त्या म्हणतात की भिंत आजकाल पाठीला चावते.

१५ एप्रिल

साहेबांनी बोलावून दार लावलं आणि सांगितलं. वाम्बुझी नावाचा हमाल होता. ईस्टरच्या सुटीआधी तो शीतगृहात माल रचायला गेला, कोणीतरी बाहेरून दार लावलं, आणि सगळे घरी गेले. पहारेकऱ्याने ठोकणं ऐकलं होतं. त्याला वाटलं, यंत्राची खडखड. नंतर थंडावा कायमचा बंद केला, तरी खोली गोठलेलीच राहिली आणि ठोकणंही चालूच. पुढे जागा नव्हती म्हणून सर्व्हर तिथे ठेवले. त्या दिवसापासून आवाज थांबला.

"मशीनं तापतात ना," साहेब म्हणाले. "त्याला ऊब मिळाली. ती तू काढून घेते आहेस."

मला भीती नाही वाटली, संताप आला. दीड महिना इंटरनेट, तपासनीस, आणि कारण हे? मी म्हटलं, हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "सांगितलं असतं तर तू हसली असतीस."

हसलेच असते.

२० एप्रिल

मालकांचा हुकूम आला. आठवड्यात खोली रिकामी. साहेबांनी लढायला हवं होतं, ते रजेवर गेले. मी उरलेली मशीनं बंद केली. भंगारवाल्याचा ट्रक सर्व्हर आणि वीज गेल्यावर ते चालू ठेवणाऱ्या बॅटऱ्या घेऊन गेला. काम संपलं. आनंद व्हायला हवा होता.

दिवसभर ठोकत होता.

२२ एप्रिल

आता आवाज खोलीतून येत नाही. नांगोबीबाईंच्या भिंतीतून येतो. त्या शालीत गुंडाळून बसल्या होत्या, बोटं पांढरीफटक, नखं निळी. हात हातात घेतला तर बर्फ. म्हणाल्या, "कोणीतरी पाठीला पाठ लावून बसतं गं. बिचारं कुडकुडत असतं." घरी जा म्हटलं, तर म्हणाल्या, महिनाअखेरचं काम टाकून कुठे जाऊ?

दुपारी खुर्चीतच कोसळल्या. दवाखान्यात डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते की ही बाई थंडीत किती वेळ होती. जिंजात. एप्रिलमध्ये.

२३ एप्रिल

बाईंना शुद्ध नाही. हे माझ्यामुळे.

भंगारवाल्याकडे गेले. पाच मशीनं त्याने फोडलीत. एक शाबूत मिळालं. साहेबांना फोन केला, उचलला नाही. मुकोसेला म्हटलं, वायर बघ, फक्त वायर. त्याने ती ओढून दिली. आत नाही आला.

२४ एप्रिल, सकाळ

मशीन आत आणून लावलं. दारात लाकडी फळी अडकवली आहे. चालू झालं. पंखा फिरतोय. अंगावर घ्यावीशी वाटते एवढीशी ऊब. ठोकणं थांबलं. गारठा किती उतरतो ते बघायला वही घेऊन बसलेय —

भिंतीवरचं दव वितळायला लागलंय. बाईही उठतील. उठतीलच.

मशीनच्या पलीकडे कोणीतरी बसलंय. दिसत नाही. पण मशीनची गरम हवा त्या बाजूने येत नाही माझ्याकडे. तो सगळी घेतोय. घेऊ दे.

—

दार लागलं. फळी आत माझ्या पायाशी आहे. मी काढली नाही.

फोनला रेंज नाही. भिंती जाड. मुकोसे बाहेरच असेल. मशीन चालू आहे तोवर —

—

वीज गेली. पंखा थांबला. बॅटऱ्या मी विकल्या. मोबाइलच्या उजेडात लिहितेय.

जनरेटर लावतील. लावतीलच.

मशीन निवत चाललंय. हात ठेवला तर — पलीकडून तिथेच दुसरा हात.

—

दार ठोकलं. ओरडले. आवाज या भिंती गिळतात, ठोकणं तेवढं बाहेर जातं. मुकोसेची पावलं आली. दाराशी थांबली. मी जोरात ठोकलं, तळहाताने.

तो पळाला.

त्याला वाटलं — माझं ठोकणं त्याला —

—

मशीन गार पडलं. पलीकडे आता कोणी नाही बसलेलं. बोटं वळत नाहीत. खोलीत ऊब आहे ती आता फक्त माझ्या

पाठीला पाठ