पंधरा उरलेल्या गोळ्या नष्ट न करण्याबाबत

दिनांक : २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. औषध पुरवठा अधिकारी,
जिल्हा कर्करोग औषध साहाय्य कक्ष,
कोल्हापूर.

अर्जदार : जयपाल दादगोंडा बेडकिहाळे, वय ६१, धंदा चांदीकाम (पैंजण), रा. हुपरी, ता. हातकणंगले.
रुग्ण : सौ. पद्मावती जयपाल बेडकिहाळे, वय ५७, अर्जदाराची पत्नी.

विषय : अर्जदाराने कक्षात परत जमा केलेल्या ८० मि.ग्रॅ.च्या पंधरा गोळ्या २८ नोव्हेंबर रोजी नष्ट न करता रुग्णास परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाची २० नोव्हेंबरची सूचना.

महोदय,

संदर्भातील सूचनेने अर्जदारास शुक्रवारी सकाळी अकरा वाजता कक्षात बोलावले आहे. पंधरा गोळ्या जाळल्या जातील, त्या जळताना पाहाव्यात आणि पंचनाम्यावर सही करावी, असे त्यात लिहिले आहे. अर्जदार हजर राहील. सही करण्याआधी झालेली हकिगत कागदावर असावी, म्हणून हा अर्ज.

१. सौ. पद्मावती यांनी आयुष्यात विडी-सिगारेट पाहिली ती दुसऱ्याच्या हातात. तरीही गेल्या फेब्रुवारीत त्यांच्या उजव्या फुफ्फुसात ४१ मिलिमीटरची गाठ निघाली. ११ फेब्रुवारीला सुईने तुकडा काढून तपासला. या जातीच्या कर्करोगावर सलाइन नको, रोज एक गोळी पुरे, असे उपचार करणाऱ्या डॉ. तेजस्वी यांनी सांगितले. आपल्या कक्षाने रोज ८० मि.ग्रॅ., महिन्याला तीस गोळ्या मंजूर केल्या. ३ मार्चपासून रुग्णाने रोज सकाळी आठ वाजता गोळी घेतली. एकही दिवस चुकला नाही. ७ जुलैच्या स्कॅनमध्ये गाठ ९ मिलिमीटर भरली. ती फिल्म अर्जदाराने आपल्या चांदीच्या कारखान्याच्या खिडकीला लावून शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवली होती, हेही नमूद करतो.

२. ३१ जुलैला पुढचा डबा घेण्यासाठी दोघे कोल्हापुरास आले असता रुग्ण बसस्थानकावर चक्कर येऊन पडल्या. ईसीजीत क्यूटी नावाचे माप ५०८ आले. हे माप पाचशेपुढे गेले की हृदयाचा ठोका केव्हाही बिघडू शकतो आणि हा त्या गोळीचाच दोष आहे, असे डॉक्टरांनी सांगून गोळी थांबवली. १८ ऑगस्टला माप ४५८ वर उतरले. त्या दिवशी त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली : यापुढे ४० मि.ग्रॅ., दिवसातून एकदा, ८० पुन्हा कधीही नाही. अर्ध्या मात्रेवरही गाठ दबून राहू शकते, असेही त्या म्हणाल्या. गोळी तोडू नये, चाळीसची वेगळी मिळते, ती घ्यावी, अशी ताकीद दिली.

३. त्याच दुपारी अर्जदार कक्षात आला. मंजुरी ऐंशीची असल्याने संगणकात चाळीसची गोळी निघत नाही, असे भांडारपाल कृष्णात यांनी दाखवले. ते वाईट बोलले नाहीत. "पावणं, चाळीसची हितं यायची न्हाय. ऐंशीची न्या आणि अर्धी करून द्या की मामींस्नी," एवढेच म्हणाले. अर्जदाराने तीस गोळ्या सही करून घेतल्या. डॉक्टरांना फोनवर विचारले, तेव्हा त्या "काहीच नसण्यापेक्षा बरं, पण मापात चूक नको," म्हणाल्या.

४. मापाची चिंता अर्जदारास नव्हती. छत्तीस वर्षे तो पैंजणांची घुंगरे जुळवतो. त्याच्याकडे मिलिग्रॅम दाखवणारा काटा आहे. गोळीवरचा रंगीत थर हा मुलामा, त्यात औषध नाही, म्हणून तो आधी बारीक कानशीने उतरवला. मुलामा वजनात धरायचा नाही, ही हुपरीची रीत आहे. आतली गोळी काट्यावर ठेवून बरोबर दोन भाग केले. कापताना पडलेला भुगा बटर पेपरवर गोळा करून, वजन करून, ज्या भागाचा त्याच भागात घातला. असे पंधरा गोळ्यांचे तीस भाग झाले. रुग्णाने ते १९ ऑगस्ट ते १७ सप्टेंबर रोज पाण्यात विरघळवून घेतले. १५ सप्टेंबरच्या ईसीजीत माप ४५१ होते. डॉक्टर समाधानी होत्या.

५. यापुढे जे झाले त्यात दोष अर्जदाराचा आहे. तो त्याने आधीच्या तिन्ही अर्जांत कबूल केला आहे आणि येथेही करतो.

हुपरीत व्यापारी कारागिराला चांदी वजनाने देतो. काम उरकले की कारागीर पैंजण, उरलेली चांदी आणि कीससुद्धा काट्यावर घालून परत देतो. उरलेले परत केल्याशिवाय नवी चांदी मागायची नाही. मागितली तर त्या कारागिराला दुसऱ्यांदा कोणी दारात उभे करत नाही. अर्जदार या शिस्तीत वाढला. तीसपैकी पंधरा गोळ्या उरल्या होत्या. त्या शासनाच्या होत्या. १७ सप्टेंबरला त्याने त्या मूळ पाकिटात, एकही न फोडता, कृष्णात यांच्यापुढे ठेवल्या आणि या जमा करून घेऊन पुढच्या महिन्याच्या फक्त पंधरा द्याव्यात, अशी विनंती केली.

कृष्णात यांनी कपाळाला हात लावला. "अवो मामा, दिल्यालं औषध हितं कोण परत आणतंय व्हय? पिशवीत घाला आणि गप घरला जावा!" असे त्यांनी दोनदा सांगितले. अर्जदाराने ऐकले नाही. "दुसऱ्याचा माल घरात ठिऊन मला झोप यायची न्हाय," असे तो म्हणाला. तिथे बाकावर बसलेल्या चार-पाच जणांनी मान डोलावली, त्याचा अर्जदारास त्या क्षणी अभिमान वाटला होता.

संगणकात परत आलेल्या औषधाची नोंद करायला तीनच कारणे आहेत : रुग्ण मयत, रुग्णाने औषध नाकारले, औषध चुकीचे दिले. तिसरे कारण लावले तर कृष्णात यांची चौकशी लागते. "मामी चांगल्या खुटखुटीत हायत, त्यास्नी मयत कसं लावू? नाकारलं लावतो. त्यानं काय हुत न्हाय," असे म्हणून त्यांनी बटण दाबले. १२ वाजून ४० मिनिटांनी रुग्णाचे प्रकरण आपोआप बंद झाले. पुढच्या गोळ्या निघेनात. नुकत्याच ठेवलेल्या पंधराही परत देता येईनात, कारण त्या आता 'नाकारलेला साठा' झाल्या होत्या. कृष्णात यांनी अर्ध्या तासात चार ठिकाणी फोन केले. मग ते अर्जदारासाठी चहा घेऊन आले, तेव्हाच काही जमले नाही हे अर्जदारास कळले.

६. पुढील पत्रव्यवहार असा आहे.

२२ सप्टेंबरच्या अर्जास १ ऑक्टोबरला उत्तर आले : रुग्ण मंजूर मात्रा, म्हणजे ८० मि.ग्रॅ., नियमित घेण्यास तयार व समर्थ असल्याचा डॉक्टरांचा दाखला आणल्यास प्रकरण पुन्हा उघडता येईल. डॉ. तेजस्वी यांनी असा दाखला देण्यास नकार दिला. त्यांनी ६ ऑक्टोबरला दोन पाने लिहून दिली, त्याचा सारांश असा की ८० दिल्यास रुग्ण हृदयाने जाईल, काहीच न दिल्यास फुफ्फुसाने जाईल, ४० द्यावे.

ती पाने जोडून केलेल्या अर्जास १५ ऑक्टोबरला उत्तर आले : ४० मि.ग्रॅ. ही वेगळी बाब असल्याने नवे प्रकरण दाखल करावे. नव्या प्रकरणास गाठीच्या तुकड्याचा अहवाल सहा महिन्यांच्या आतील लागतो. फेब्रुवारीचा अहवाल ११ ऑगस्टला जुना झाला होता.

२७ ऑक्टोबरला सुईने तुकडा काढणाऱ्या डॉक्टरांनी जुलैची फिल्म पाहिली. नऊ मिलिमीटरची गाठ, तीही मोठ्या रक्तवाहिनीला लागून, तिथे सुई घालता येणार नाही, असे त्यांनी लिहून दिले. औषधाने गाठ एवढी लहान केली होती की ती आहे हे सिद्ध करता येत नव्हते. तो कागद अर्जदाराने तिसऱ्या अर्जासोबत कक्षात दिला.

६ नोव्हेंबरचे आपले उत्तर जसेच्या तसे देतो : "गाठ तपासणीयोग्य आकाराची झाल्यावर अर्जदाराने नव्याने संपर्क साधावा."

७. गाठ तपासणीयोग्य आकाराची झाली आहे. १७ नोव्हेंबरच्या स्कॅनमध्ये ती २३ मिलिमीटर आहे. आपल्या अटीची पूर्तता झाली, हे या परिच्छेदाने कळवत आहे.

सुईची तारीख १२ डिसेंबर मिळाली आहे. अहवालास तीन आठवडे लागतात. नवी प्रकरणे पाहणारी समिती तीन महिन्यांतून एकदा बसते आणि पुढची बैठक मार्चमध्ये आहे. आज औषध बंद होऊन अडुसष्ट दिवस झाले. मार्चपर्यंत थांबता येईल का, असे अर्जदाराने विचारले असता डॉ. तेजस्वी यांनी स्कॅनची फिल्म पाकिटात परत घातली आणि पाकिटाची घडी नीट केली.

८. म्हणून अर्जदार आता प्रकरण उघडा असे म्हणत नाही. चाळीसची गोळी द्या असेही म्हणत नाही. चौकशी लावू नका, कृष्णात यांना तर मुळीच त्रास देऊ नका. शुक्रवारी जाळायच्या त्या पंधरा गोळ्यांची मुदत मार्च २०२७ पर्यंत आहे. पाकीट फोडलेले नाही. त्यांचे तीस भाग होतात, म्हणजे तीस दिवस. तीस दिवसांनी मार्च येत नाही, हे अर्जदारास मोजता येते. तरी त्या द्याव्यात. नियमात बसत नसेल तर पंचनाम्यात त्या जळाल्या असे लिहावे. अर्जदार त्यावर सही करील आणि छत्तीस वर्षांत पहिल्यांदा खोटे वजन मान्य करील.

९. एक शेवटची विनंती उत्तराच्या पत्त्याबाबत आहे. आपली आधीची तिन्ही उत्तरे घरच्या पत्त्यावर आली. योगायोगाने ती अर्जदाराच्या हाती पडली. सौ. पद्मावती यांना वाचता येते आणि घरातील टपाल त्याच उघडतात. औषध बंद झाल्याचे त्यांना माहीत नाही. १८ सप्टेंबरपासून अर्जदार रोज सकाळी कॅल्शियमची एक गोळी काढतो, तिचा थर कानशीने उतरवतो, काट्यावर तिचे दोन भाग करतो आणि आठ वाजता अर्धा भाग पाण्यातून देतो. थर गेल्यावर पांढरी भुकटी सगळी सारखीच दिसते.

मूळ गोळीचे त्रास औषध बंद होताच कमी होत गेले. जुलाब थांबले. नखांच्या कडा भरून आल्या. छातीत धडधडत नाही. जेवण वाढले आहे. गेल्या रविवारी त्या देवळात चालत जाऊन आल्या आणि कारखान्याच्या पायरीवर बसून म्हणाल्या, "आत्ता कुठं ही गोळी मानवली बघा मला. डाक्टरीणबाईंस्नी सांगा, मात्रा बरोबर बसली म्हणून."

तरी उत्तर सोबतच्या लिफाफ्यातूनच पाठवावे.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,

(सही)
जयपाल दादगोंडा बेडकिहाळे

सोबत :
(१) २० नोव्हेंबरच्या सूचनेची प्रत.
(२) डॉ. तेजस्वी यांच्या १८ ऑगस्ट व ६ ऑक्टोबरच्या चिठ्ठ्या.
(३) ईसीजीच्या तीन पट्ट्या : ५०८, ४५८, ४५१.
(४) ७ जुलै व १७ नोव्हेंबरच्या स्कॅनचे अहवाल.
(५) कक्षाची आधीची तीन उत्तरे.
(६) तिकीट लावलेला लिफाफा. त्यावर कारखान्याचा पत्ता आहे. पाठवणाऱ्याच्या जागी कक्षाचा शिक्का मारू नये.