दर रविवारची क्षमा

चौल,
रविवार, दुपार

प्रिय बाबा,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुम्ही होता तेव्हा गरजच पडली नाही. स्वयंपाकघरातून हाक मारली की तुम्ही ओटीवरून चष्मा कपाळावर चढवून बघायचात. आषाढात तुम्हाला पुरून आलो, तेव्हापासून पुष्कळ काही सांगावंसं वाटलं. ते मी आईशी बोलले, नाहीतर भांडी घासताना भांड्यांशी. पण आजचं कुणाशीच बोलता येण्यासारखं नाही. योहान घरी आला आहे बाबा. आणि आईने तोंड उघडलं आहे.

तो शुक्रवारी आला. तुम्ही गेल्याचा निरोप त्याला मुंबईच्या गोदीत मिळाला होता, पण भर पावसात रेवदंड्याला बोट कुठली? नारळी पौर्णिमा झाली, बोटी सुरू झाल्या, तेव्हा त्याला येता आलं. अंगणात पत्र्याची पेटी खाली ठेवून त्याने एवढंच विचारलं, "कुठं ठेवलंय त्यांना?" आणि पाणीसुद्धा न पिता दफनभूमीकडे गेला. परत आला तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते. कानाजवळचे केस पांढरे झालेत त्याचे. वय काय, तर तिशीसुद्धा नाही.

तुम्ही विचाराल, एस्तेर, हे सगळं मला कशाला सांगतेस? सांगते. आज तुम्हाला मधेच थांबवता येणार नाही, म्हणून सांगते.

दावीद गेला तो दिवस मी कितीदा मनात उलटापालटा केला असेल! गावोगाव माणसं मीठ उचलून तुरुंगात जात होती, त्याच्या आदल्या थंडीतली गोष्ट. मार्गशीर्षातली जत्रा होती. योहान तुम्हाला न विचारता रात्रभर जत्रेत राहिला आणि पहाटे येऊन झोपला. प्रचारकाचा मुलगा दत्ताच्या जत्रेत, म्हणून तुम्ही संतापला होता. त्यातून सकाळी सुपारी न्यायला व्यापाऱ्याची गाडी यायची होती आणि मागच्या वाडीतले घड अजून पोफळींवरच होते. सुपाऱ्या पाडायचं काम योहानचं. थंडीत दहिवर सुकल्याशिवाय पोफळीवर चढायचं नाही, खोड बुळबुळीत असतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या दिवशी ऊन वर यायच्या आत दावीद चढला. एका झाडावरून झोका घेऊन दुसरं झाड धरायला गेला आणि हात निसटला. सतरा वर्षांचा होता. खाटेवर घालून त्याला अलिबागच्या डॉक्टरकडे नेत होते, वाटेतच गेला.

मी तेव्हा मिशनच्या शाळेत शिवण शिकवायला गेले होते. मला सगळं ऐकूनच कळलं. कळलं ते असं, की योहान झोपून राहिला, म्हणून बिचारा दावीद आपण होऊन त्याचं काम करायला गेला. तुम्हीच तसं सांगितलंत. आणि तुमचा शब्द म्हणजे आमच्या घरात दगडावरची रेघ. बोराच्या झाडाखाली गेले नाही असं खोटं बोलले म्हणून तुम्ही मला छडीने मारलं होतंत, आठवतं का?

मग रविवार आला.

प्रार्थनाघरात तुम्ही उभे राहिलात. पांढरा कोट, हातात टोपी, डोळे मिटलेले. आवाज कापत होता. म्हणालात, "हे दयाळू बापा, ज्याच्या जत्रेच्या नादापायी माझं लेकरू गेलं, त्या माझ्या योहानाला मी मनापासून क्षमा केली आहे. तूही कर." आम्ही सगळे रडलो. राहेलमावशी तर हुंदके देऊन रडली. आपण सात-आठ घरांची मंडळी, इतकं मोठं मन कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांनी आमेन म्हटलं.

पुढच्या रविवारी तुम्ही तेच म्हणालात. त्याच्या पुढच्याही. पावसासाठी प्रार्थना, भातासाठी प्रार्थना, सरकारसाठी, आजाऱ्यांसाठी आणि शेवटी योहानाची क्षमा. वर्ष उलटलं तरी ती चालूच. लोकांना ती पाठ झाली. तुम्ही 'जत्रेच्या' म्हणालात की पोरं आमेनसाठी तोंड उघडून तयार असायची. आणि ज्याला क्षमा व्हायची तो पुढच्या जाजमावर, प्रचारकाचा मुलगा म्हणून सगळ्यांच्या पुढे, मान खाली घालून बसलेला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो याहून काय वेगळा असतो बाबा?

योहानची अलिबागची सोयरीक का मोडली, असं तुम्ही मला विचारत होता. मुलीचे मामा एका रविवारी आपल्याकडे उपासनेला बसले होते ना? उपासना संपल्यावर चहासुद्धा न घेता निघाले. तुम्हाला कळलंच नाही. तुम्ही म्हणालात, "त्यांना आपली गरिबी नडली असेल, देवाची इच्छा." त्या वेळी मला तुमची कीव आली होती. आता राग येतो.

पुढच्याच महिन्यात योहान गेला. तुम्ही दारात उभं राहून म्हणालात, "मी तुला क्षमा केली आहे. आणखी काय करू?" त्याने पेटी उचलली. आईने रुमालात भाकरी बांधून दिली ती तेवढी घेतली. तो गेल्यावरही तुमची क्षमा दर रविवारी चालूच राहिली.

मला तुमचा नुसता रागच आहे, असं समजू नका. तुमचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तुमच्या भावांनी तुमच्या नावाने आंघोळ केली, गावाने विहीर बंद केली. मी तेव्हा चार-पाच वर्षांची असेन. आई रडत होती आणि तुम्ही म्हणालात, देव पाणी दाखवील. मग पहार घेऊन स्वतःच खणायला लागलात. एका ठिकाणी खारं लागलं, दुसऱ्या ठिकाणी खारं लागलं. हाताची सालं निघाली. दुसऱ्या खड्ड्याच्या काठावर बसून तुम्ही गाणं म्हटलंत, आणि तुमचा आवाज काही गाण्याचा नव्हता. शेवटी चिंचेपलीकडे गोडं पाणी लागलं. आज भंडाऱ्यांच्या बायकासुद्धा उन्हाळ्यात तिथूनच पाणी नेतात. देवावर कसं टेकायचं ते मी त्या खड्ड्याच्या काठावर शिकले. म्हणून तर इतकं लागतं मला. एवढा धीर असलेल्या माणसाला एका गोष्टीचा धीर का झाला नाही?

आता काल काय झालं ते ऐका.

शनिवारी दुपारी पाळकसाहेब घरी आले. माणूस सज्जन आहे, तुम्ही गेल्यापासून महिन्यातून एकदा एवढ्या लांब येतात. म्हणाले, "एस्तेरबाई, उद्या मास्तरांच्या जागी प्रार्थना तुम्ही करा. आणि मास्तरांच्या वतीने योहानाची क्षमा मंडळीपुढे जाहीर करा. ते हयात असते तर आज त्याला मिठी मारून त्यांनी तेच केलं असतं." त्यांचं मन चांगलं होतं. पण योहान उठून मागच्या पडवीत गेला. ते गेल्यावर म्हणाला, "ताई, उद्या ते परत ऐकायला लागलं तर मी सोमवारच्या बोटीनं जातो. मग आई गेली तरी येणार न्हाय."

आई माडाच्या हिरांची केरसुणी बांधत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तो झोपलेला व्हता. यांनीच सांगितलं दाविदाला."

मी म्हटलं, "काय सांगितलं?"

"मी चुलीपाशी व्हते. दावीद म्हणाला, बाबा, झाडं भिजलेली हायेत, दादा उठू दे. हे म्हणाले, तो जत्रेतला राजा कवा उठायचा? तू जा. काय व्हत न्हाय. देव हाय." आईने केरसुणी बाजूला ठेवली. "पोरगं बापाचा शब्द मोडणारं व्हतं का?"

"आणि इतकी वर्षं तू गप्प बसलीस?"

"काय करू मग? एक पोर मातीत गेलं. मास्तरांना मंडळीसमोर कुठल्या तोंडानं खाली पाडू? रात्री झोपेत दाविदाला हाका मारायचे. मला वाटायचं, बोलले तर हेबी जातील."

मी योहानकडे बघितलं. वाटलं, आता हा ओरडेल, निदान रडेल तरी. तो पडवीच्या खांबाला टेकून तसाच बसला होता. म्हणाला, "मला म्हायीत होतं, आई. खाट माझ्याच खांद्यावर होती. दावीद म्हणाला, दादा, बाबांनी सांगितलं म्हणून चढलो, तू रडू नको." मग म्हणाला, "मी गेलो ते राग आला म्हणून न्हाय. एखाद्या रविवारी तोंडातून निघून गेलं असतं, म्हणून गेलो."

बाबा, तुम्हाला आठवत होतं का? हेच मला कळत नाही. की पहिल्या रविवारी दुःखाच्या भरात बोलून गेलात आणि मग स्वतःच्याच बोलण्यावर तुमचा विश्वास बसला? माणसाचं असं होत असेल. तुमच्या शेवटच्या आजारात, बाहेर धो धो कोसळत असताना, तुम्ही रोज विचारायचात, "बोट सुरू झाली का?" मी म्हणायचे, "बाबा, आषाढ आहे." तुम्ही डोळे मिटायचात आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारायचात. तेव्हा मी मनात म्हणत होते, बघा, अजून मुलाला क्षमा करायला थांबलेत. आता वाटतं, तुम्ही क्षमा मागायला थांबला होता का? तसं असेल तर पाऊस आडवा आला. आणि तसं नसेल तर? यातलं कुठलं खरं, ते देवाला ठाऊक. मला ते या जन्मात कळायचं नाही, आणि हे ओझं वागवूनच मला जगायचं आहे.

काल संध्याकाळभर माझ्या मनात एकच होतं. उद्या उभं राहायचं. पांढरं पातळ नेसून, डोळे मिटून, कापऱ्या आवाजात म्हणायचं, हे दयाळू बापा, ज्यांच्या शब्दापायी माझा भाऊ गेला, त्या माझ्या वडिलांना मी मनापासून क्षमा केली आहे. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. तुमचीच मुलगी ना मी? योहानचं नाव धुऊन निघालं असतं. पाळकसाहेबांनाही शहाणपण आलं असतं. आणि राहेलमावशी पुन्हा हुंदके देऊन रडली असती.

योहानने माझा चेहरा वाचला. म्हणाला, "ताई, माझं नाव घेऊ नको. त्यांचंबी घेऊ नको. ते मातीत गेले. त्यांना उठून जाता येणार न्हाय."

आज सकाळी प्रार्थनाघर भरलं होतं. योहान सगळ्यात मागे, दाराशी बसला. मी उभी राहिले. पावसासाठी आभार मानले, भातासाठी प्रार्थना केली, मिशनच्या शाळेसाठी, दोन तापकऱ्यांसाठी. मग तुमची जागा आली. सगळ्यांचे श्वास थांबलेले मला कळत होते. पोरं आमेनसाठी तोंड उघडून बसली होती. माझ्या जिभेवर दोन्ही वाक्यं होती बाबा, तुमचंही आणि माझंही. मी उभी राहिले, उभीच राहिले. कुणीतरी खोकलं. शेवटी दारातून योहान मोठ्याने "आमेन" म्हणाला आणि मी खाली बसले.

बाहेर पडल्यावर राहेलमावशीने मला गाठलं. "बाय, ते क्षमेचं राहिलं की गं?" मी म्हटलं, "राहू दे, मावशी." पाळकसाहेब नाराज दिसले. माझं मन कठीण आहे, असं त्यांना वाटलं असेल. वाटू दे.

योहानच्या कपाळावरचा तो डाग मंडळीच्या मनात तसाच राहणार, हे मला दिसतं आहे. तो म्हणतो, राहू दे. मला अजून तसं म्हणता येत नाही. उद्या तो जाणार आहे, त्याचं पोट तिकडे आहे. पण आईला म्हणाला, नाताळला येतो. आई भाकरीसाठी रुमाल शोधायला उठली.

देवावरचा माझा विश्वास गेलेला नाही, तेवढी काळजी करू नका. दर रविवारी तुम्ही त्याला जे ऐकवत होता त्यातलं खरं किती, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने तुमचं गोडं पाणी आटवलं नाही. माझ्याच्याने तेवढं होत नाही अजून. आज या घडीला मी तुम्हाला क्षमा केलेली नाही बाबा, खोटं कशाला बोलू? प्रयत्न करते. भांडी घासताना करते, शाळेच्या वाटेवर करते. अर्ध्यावर येते आणि दाविदाचं बोलणं आठवतं, झाडं भिजलेली आहेत, दादा उठू दे.

पण एक वचन देते. एक दिवस मी तुम्हाला क्षमा करीन. आणि ज्या दिवशी करीन, त्या दिवशी कुणाला सांगणार नाही. आईला नाही, योहानला नाही, प्रार्थनाघरात तर नाहीच. तुम्हालाही पत्र येणार नाही.

तुमची मुलगी,
एस्तेर