लाल पट्टीचे गाऊन

प्रिय ठमे,

ही चिठ्ठी झबल्यांच्या घडीत घातलीय, कारण हल्ली तुझा फोन तुझा नवराच उचलतो आणि ‘ती झोपलीय’ म्हणतो. किती झोपतेस गं, कुंभकर्णच झालीस की! मंगळवारी तुझं सिझेरियन आहे. त्याआधी हे एकटीने वाच, दाराला कडी घालून.

झबली जुन्या मऊ कापडाची आहेत. शिवण बाहेरून घेतलीय, भाचराला टोचणार नाही. गोळी चुकवत नाहीस ना? मी इतकी वर्षं घेतेय. माझी लेक बघ, तिला एचआयव्ही शिवलासुद्धा नाही, आणि जीभ तर अशी चालते की मलाच शिकवते. तुझंही बाळ तसंच ठणठणीत होईल. भीती मला त्याची नाही.

आमच्या कारखान्यात तुझ्याच हॉस्पिटलचे गाऊन शिवायला आलेत, बाळंतिणींचे. साठांतल्या सहांना गळ्याशी लाल पट्टी लावायची, असं शेठनी सांगितलं. कशाला, तर ‘त्या’ बायका लांबूनच ओळखू याव्यात. त्या म्हणजे आपण, ठमे. मशीनवर माझा पाय चालेना. शेजारचीने विचारलं, सुई मोडली का? म्हटलं, हो, सुईच.

माझ्या वेळी पट्टी नव्हती, खाटेला पाटी होती. ताट लांबूनच सरकवायचे. ते सगळं मी गिळलं. पण लेकीनंतर मला दुसरं का झालं नाही, ते कुणालाच बोलले नाही. तुम्हाला वाटलं, ताईचं एकावर भागलं. भागलं कसलं, डोंबल! लेकीसाठी पोट उघडलं, तेव्हाच त्यांनी माझ्या नळ्या बांधून टाकल्या. मी टेबलावर जागी होते गं. कमरेखाली बधिर होते, पण तोंड तर होतं ना मला! कुणी विचारलं नाही. चार वर्षं दर महिन्याला वाट बघितली आणि दर महिन्याला रडले. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं. जाब विचारायला गेले, तर म्हणे तुमच्यासारख्यांना असाच नियम आहे. असा नियम कुठेच नाही. त्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं, बाईने स्वतः हो म्हटल्याशिवाय नळ्यांना हात लावायचा कुणालाच हक्क नाही. तिच्या वतीने नवऱ्यालाही हो म्हणता येत नाही.

आता का लिहितेय ते ऐक. काल तुझ्या सासूबाई भेटल्या. मोठ्या समाधानाने म्हणाल्या, डॉक्टर मंगळवारी दोन्ही कामं एकदमच उरकणार आहेत, तुझ्या नवऱ्याने हो म्हटलंय, आणि तुला आधी सांगायचं नाही असं ठरलंय. तुला तर घरभर पोरं हवी होती गं! भूल देण्याआधी नाही म्हण. मोठ्याने म्हण, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मी दाराशी उभी असेन, हाकललं तरी हलणार नाही. पण आत मला घेणार नाहीत, आत तू एकटीच. गाऊनचं म्हणशील तर साठच्या साठांना मी लाल पट्टी लावलीय. जाईल नोकरी, गेली खड्ड्यात. पण तेवढ्याने तू वाचत नाहीस. म्हणशील ना गं, नाही म्हणून? ठमे, म्हणशील ना?

तुझीच, दाराबाहेर उभी,
ताई