भाऊजींनी विचारलेला आकडा

नागपूर
२१ मे २०२६, गुरुवार

प्रिय ताईस,
केशवचा नमस्कार. भाऊजींना दंडवत. मिनलची परीक्षा चांगली गेली असेल. तिकडे परदेशात माझ्या घरी सगळे बरे आहेत, माझी तब्येतही ठीक.

वर नागपूर लिहिलेलं पाहून तू थांबली असशील. मी सोमवारपासून इथेच आहे, वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात. ऊन अंगावर धावून येतं. मंगळवारी सीताबर्डीला गेलो होतो. बाबा घड्याळाचे सेल आणि टॉर्च विकायला जिथे बसायचे, तिथे आता मोबाईलची कव्हरं लटकलेली आहेत. पाच मिनिटं उभा राहिलो, तर पोरगा म्हणाला, "काका, घ्यायचं नसन तं बाजूले व्हा." बाजूला झालो.

फोन केला नाही, कारण फोनवर तू आधी बोलतेस, मी बरा आहे का विचारतेस, आणि मी सुटतो.

माझं नेमकं काम काय, ते तुला कधी धड सांगितलं नाही. व्हिसाच्या मुलाखतीला मी भाऊजींचा लग्नातला कोट घालून गेलो होतो. बाह्या आखूड होत्या, तर तू रात्रभर बसून उसवून लांब केल्यास. तिकडे शिकता शिकता मोठ्या संगणकांच्या खोल्यांत जमिनीखाली रांगत वायरी ओढायचो. मग कोणत्या जागी संगणकांचं असं केंद्र चालेल, हे मला जमीन पाहून कळायला लागलं. वीज किती, रस्ता कसा, पाणी कुठून. त्या एका नजरेवर मोठे लोक विश्वास ठेवायला लागले. आज मी त्यांचे पैसे घेऊन जगभर संगणकांची गोदामं उभी करतो. ती यंत्रं तापतात आणि त्यांना थंड करायला पाणी लागतं. अशाच एका गोदामासाठी तुमच्या शिवारातली जागा मीच निवडली, ताई. कागदावर फार चांगली दिसत होती. आपल्या भागाचं भलं होईल, असंही मनात होतं. ते खोटं नव्हतं.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत जनसुनावणी झाली. मी मंचावर होतो हे तुला भाऊजींनी सांगितलं असेल. बाकीचं सांगितलं की नाही, ठाऊक नाही.

भाऊजी लोकांतून उठून म्हणाले, "साहेब, उन्हाळ्यात आमच्या जमिनीतलं पानी किती घ्यान? खरं सांगा, मंग आमचं काही म्हननं नाही."

माझ्या हाताखालच्या सौरवनं उत्तर दिलं, दिवसाला दोन लाख लिटर. भाऊजींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहत म्हणाले, "तुमी सांगा."

शहरातलं सांडपाणी शुद्ध करून आणायची पाइपलाइन तीन वर्षं येणार नव्हती. तोवर उन्हाळ्यात दिवसाला अठरा लाख लिटर लागणार होतं, आणि तेही बोअरचं. हा आकडा ज्या कागदावर होता, त्यावर माझीच सही होती. मी म्हणालो, "त्यांनी सांगितलं ते बरोबर आहे."

भाऊजी मागे वळले. "बसा गा सगळे. मानूस जबान देऊन राहिला."

लोक बसले. विरोध तिथंच संपला.

बाहेर त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "लोकं म्हनतीन, साळ्यासाठी बोलला. म्हनून तुले ओळख नाही देल्ली. आता घरी जेवाले चाल." मी विमान आहे म्हणालो. विमान दुसऱ्या दिवशीचं होतं.

गोदाम सुरू झालं, आणि या एप्रिलमध्ये मिनलनं आटलेल्या विहिरीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "मामा, बाबा आता पारावर बसाले जात नाही. लोकं विचारते." मी उत्तर दिलं नाही. तिला वाटलं असेल, मामा कामात आहे.

या वेळी मी गोदामाची दुसरी इमारत मंजूर करून घ्यायला आलो होतो. काल सकाळी बैठकीला जायच्या आधी गाडी गावाकडे वळवायला सांगितली. टँकर आला होता. भाऊजी निळा ड्रम घेऊन रांगेत उभे होते. त्यांच्या पुढच्या माणसाशी ते बोलत नव्हते, आणि त्यांच्याशीही कोणी बोलत नव्हतं. गाडीच्या काचा काळ्या. मी उतरलो नाही, ताई. दहा पावलांवर होते ते. ड्रायव्हरला म्हटलं, चल.

बैठकीत मी तो जुना कागद टेबलावर ठेवला. कंपनीचे लोक म्हणाले, तीन वर्षांचाच प्रश्न आहे, कशाला उकरता. सौरव जिन्यात मला गाठून म्हणाला, "सर, त्या दिवशी मी तुमच्याकडे पाहूनच दोन लाख म्हणालो होतो. तुम्ही मान हलवली होती." खरं आहे. मला ते आठवतच नव्हतं, किंवा आठवू दिलं नव्हतं.

आज दुपारी जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी देऊन आलो. खरा आकडा, आणि मला तो तेव्हाही माहीत होता, हे. त्यावर शिक्का पडला. मी बाहेर येईपर्यंत कंपनीनं मला काढल्याचा फोन आला होता. वकील म्हणतो, केस होईल, काही महिने तिकडे परतता येणार नाही. इतक्यानं पंप बंद होत नाहीत. चौकशी पुढच्या महिन्यात आहे, तोवर टँकरच. चौकशीत काय होईल, मला सांगता येत नाही.

हे पत्र उद्या माणसाकरवी पाठवतो, आणि रविवारी सकाळी मी येतो. आधी पारावर जाईन आणि सगळ्यांसमोर सांगेन की भाऊजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. लोक काय म्हणतील ते ऐकून घेईन. मग घराकडे येईन. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही दोघं ठरवा. तू माझ्यासाठी त्यांच्याशी भांडू नकोस. आणि हे पत्र वाचून दाखवताना काही गाळू नकोस, तुला ती सवय आहे. त्यापेक्षा त्यांच्या हातातच दे.

भाऊजींना गावाला खोटं सांगायला लावणारा,
तुझा धाकटा भाऊ
केशव