तूरे जुन्या पाइनपाशी का थांबतो

आदरणीय आइली वन्सं,

त्या सकाळी मी तूरेच्या खुरांत अडकलेले बर्फाचे गोळे खरवडत होते, आत चुलीवर कॉफी उतू जात होती, आणि तेवढ्यात तुमचा फोन आला की घोड्याला गिऱ्हाईक मिळालंय, शनिवारी येईल, आर्त्तू गेल्यावर एकट्या बाईनं एवढं धूड कशाला पोसायचं. (तुमचा गुडघा कसा आहे? खरं तर आधी हेच विचारायचं असतं. तुर्कूचे जिने थंडीत जपून चढा. मी ठणठणीत, घोडाही.) मी म्हणाले होते, विचार करते. तो कसा केला ते कळवते.

दलदलीपलीकडच्या घरांना इंटरनेट हवं म्हणून केबलवाले आले. त्यांचं पट्ट्यांवर चालणारं यंत्र इतकं देखणं होतं की मी ॲप्रन काढून पाहायला गेले. ते दलदलीत शिरलं आणि कमरेइतकं खाली बसलं. वर बर्फाची गोधडी, खाली चिखल उबेत झोपलेला. मुकादम साकारी याच भागातला, त्याला हे ठाऊक होतं. ऑफिसनं ठरवलेली तारीख दलदलीला ठाऊक नव्हती. शेवटी तो टोपी हातात घेऊन माझ्या दारात आला. घोड्यानं बर्फ तुडवून द्यायचा, थंडी आत मुरली की वाट दगडासारखी होते, मग यंत्र न्यायचं. आमच्या सासऱ्यांची लाकडांसाठी वाट करायची हीच रीत. मी हो म्हणाले. कामाचा घोडा कुणी विकत नाही, असा माझा हिशेब.

तूरे ऐटीत निघाला आणि जुन्या पाइनपाशी थांबला. थांबला म्हणजे रुजलाच. साखर झाली, शिव्या झाल्या, चार गडी मागून रेटत होते, त्यांच्या बुटांवर त्यानं शांतपणे लीद टाकली.

"काकू, याचं बटण कुठंय?" साकारीनं विचारलं.

"शोधतेय. तुझ्या यंत्राचं सापडलं का?"

फिरत्या ग्रंथालयाच्या बसमधून मी घोड्यांच्या मनावरचं एक जाड पुस्तक आणलंय. त्यात लिहिलंय की घोडाही दुःख करतो. मला एकदम वाटलं, हा आर्त्तूसाठी थांबलाय. मी त्याच्या मानेत तोंड खुपसून चांगली रडले. (शरदातल्या अंत्यविधीपासून राहिलंच होतं.) गड्यांनी टोप्या काढल्या. तूरेनं मला नाकानं बाजूला सारलं आणि पाइनच्या ढोलीत तोंड घातलं.

ढोलीत पाइप निघाला, काड्यापेटी आणि तंबाखूचा डबा. तोच पाइप, जो तुमच्या बंधूंनी चर्चच्या पाद्रीबाईंच्या साक्षीनं कायमचा सोडला होता. म्हणजे इतकी वर्षं रोज इथं गाडी थांबवून, पाइप ओढून, मग साळसूदपणे घरी. घोड्याची पक्की समजूत, धूर झाल्याशिवाय पुढं जायचं नसतं. (पुस्तकात यावर एक ओळ नाही.) डब्यावर तुर्कूच्या दुकानाची चिठ्ठी आहे. तुर्कूत आपलं दुसरं कोण राहतं, वन्सं?

चार गड्यांत एकही धूर काढणारा नाही. हल्लीची पोरं तंबाखू ओठाखाली ठेवतात, त्याचा घोड्याला काय उपयोग. तसेच परतलो. साकारी म्हणाला, उद्याही अडला तर काम पुढच्या हिवाळ्यावर जाईल. मग तूरेला ठेवायला मला कारणच उरत नव्हतं, आणि शनिवार जवळ आला होता.

गुडघ्याला लोकरीचं बांधत जा.

तुमची भावजय,
लेम्पी

ता. क. गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणून कळवा. तूरे कामावर आहे.

ता. क. डबा तळाला आलाय. त्याच दुकानातून दोन पाठवा, तोच तंबाखू, दुसरा नको. पार्सलवर मोजे असं लिहा. पाद्रीबाईंना बोलू नका.

ता. क. दुसऱ्या दिवशी मी पाइनपाशी थांबले, आर्त्तूचा पाइप पेटवला, खोकत खोकत शेवटपर्यंत ओढला आणि ढोलीत परत ठेवला. तूरे चालू लागला, मी मागून गेले.